हातगुण

माझ्या सासऱ्यानं मरायच्या आधी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, मक्याच्या दारूचा घोट. दुसरी, कबर वरच्या जाळीत. दारू आम्ही दिली नाही, वैद्यानं बजावलं होतं म्हणून, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे, कारण म्हातारा तसाही दुसऱ्या दिवशी गेलाच. जाळीत मात्र पुरला.

जाळी म्हणजे आमच्या खोऱ्याच्या उतारावरचं काटेरी रान. निर्गुडी, रानगुलाब, लाल बोरांची काटेरी झुडपं, मधेमधे तिरफळ. उंची माणसाच्या छातीएवढी, पण एकमेकांत अशी गुंतलेली की आत शिरलेली कोंबडी पिसं ठेवूनच बाहेर यायची. जाळीच्या खाली माझं वावर. वावर म्हणजे तरी काय, वीतभर माती. तिच्याखाली दगड, दगडात भेगा, आणि भेगांच्या खाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. खोऱ्याच्या अगदी तळाला एक मोठं भोक आहे, त्याला आम्ही घसा म्हणतो. पाऊस पडला की सगळ्या उताराचं पाणी घशातून जमिनीच्या पोटात जातं. जाळी होती तोवर ते पाणी इतकं नितळ जायचं की हात घातला तर बोटं दिसायची.

म्हातारा बेरकी होता. तो म्हणायचा, "मला जाळीत पुरा. कबरीशेजारी परका माणूस कोयता लावत नाही. मी तिथं आडवा झालो की पन्नास वर्षं तरी जाळीला धक्का नाही." सरकारनं गावोगाव लोखंड गाळायला लावलं त्या वर्षी भट्ट्यांसाठी आमचे सगळे डोंगर बोडके केले, तेव्हा हा चाळिशीला आलेला. तीन पावसाळ्यांत माती वाहून खोरं पांढरं फटक पडलं, असं सांगायचा. त्यानंतर त्यानं त्या उतारावर कुणाला काडी तोडू दिली नाही. दर हिवाळ्यात घशाच्या तोंडाशी साचलेली माती पाठीवरच्या टोपलीतून वर आणायची, दगडांच्या बेचक्यांत भरायची, आणि वर जाळी वाढू द्यायची. मी लग्न होऊन आले ती थेट त्या टोपलीखालीच. वीस वर्षांत वावर परत वावर झालं. माझा नवरा खाणीत मेला, मुलगा समुद्राकडच्या शहरात गेला आणि घरजावई होऊन तिकडचाच झाला. मला उरलं ते हे वावर. त्यावर माझं पोट, दुसरं काही नाही.

आता कबर जाळीत असण्याची एक अडचण होती. आमच्याकडे तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला कबरी झाडतात. प्रत्येक घर आपापली कबर साफ करतं, बांबू रोवून त्याला पांढरे कागद बांधतं, आणि पिवळ्या फुलांच्या पाण्यात शिजवलेला भात ठेवतं. रस्त्यानं जाणारा माणूस डोंगराकडे बघतो आणि कागद मोजतो. जिथं कागद दिसत नाही तिथं म्हणतो, यांचं कुणी उरलं नाही वाटतं. मी बारा वर्षं त्या जाळीतून रांगत जायची, हातापायांवर ओरखडे घेत, आणि सगळ्यात उंच रानगुलाबाला कागद बांधून यायची. रस्त्यावरून तो जेमतेम चिंधीएवढा दिसायचा.

"सासऱ्याची चड्डी वाळत घातलीस का गं?" असं तिंगशिउ दर वर्षी विचारायची.

तिंगशिउ म्हणजे माझी मैत्रीण. पलीकडच्या खोऱ्यात मंग आडनावाच्या घरात दिलेली. आमची दोघींची लग्नं एकाच महिन्यात झाली आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींना टोमणे मारत आलो.

त्या वर्षी सणाच्या दहा दिवस आधी माझा दीर चाओलुन बायकोला घेऊन गावी आला. दोघं समुद्राकडे बुटांच्या कारखान्यात होते. मी या घरात आले तेव्हा चाओलुन अकरा वर्षांचा होता, त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय. त्याची बायको पेईफेन हडकुळी, अबोल, कामाला वाघ. तिचं पोटातलं दोनदा गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना.

जेवताना चाओलुन म्हणाला, "वहिनी, आबांची जाळी काढायची आहे." जसं काही मीठ मागत होता.

"कोण म्हणतं?"

"भगत."

"भगताला सांग, आधी स्वतःच्या डोक्यातल्या उवा काढ."

"चेष्टा करू नकोस. मुळं आबांच्या हाडांपर्यंत गेलीत. त्यांना विळखा बसलाय, म्हणून आपला वंश पुढं सरकत नाही. त्यानं नुसतं माझं नाव विचारलं आणि म्हणाला, दोनदा गेलं ना? मी अवाक्षर बोललो नव्हतो."

"दोनदा गेलं हे पंचक्रोशीला माहीत आहे. तिंगशिउच्या डुकरांनासुद्धा माहीत आहे."

पेईफेननं वाटी खाली ठेवली आणि उठून बाहेर गेली. माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते आणि मग मला कळतं. पण चाओलुन थांबला नाही. म्हणाला, सणाला रस्त्यानं येताना मान वर करता येत नाही. सगळ्यांच्या बापांच्या कबरी लख्ख दिसतात आणि आपल्या बापाच्या उरावर काटे. गाडीतला अनोळखी माणूससुद्धा बोट दाखवून म्हणाला, हे बघा, निर्वंश.

"तुझ्या बापानंच मागून घेतलेत ते काटे," मी म्हटलं. "जाळी कापलीस तर एक वेळ परत फुटेल. पण मुळं उपटलीस तर दगडावर माती कशी राहणार? पाऊस काय थांबून विचारणार आहे?"

"मी बांध घालून देतो. सिमेंटचा."

"माती आडवी जात नाही रे. ती खाली जाते, भेगेतून, जागच्या जागी. तिला कुठं बांध घालशील?"

"वहिनी, तुला मका प्यारा. मला पोर."

"तो मका खाऊनच तू एवढा घोडा झालास."

त्यानं वाटी आपटली नाही, आवाज चढवला नाही. नुसता बसून राहिला, आणि ते मला जास्त लागलं. आमच्याकडे रीत अशी की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं पहिला घाव घातल्याशिवाय कबरीजवळच्या काडीला कुणी हात लावायचा नाही. घरात मोठं माणूस म्हणजे आता मीच. मी नाही म्हटलं की विषय संपला. चार दिवस मी नाही म्हणत राहिले. चुलतदीर येऊन बसले, भगत येऊन माझी दारू पिऊन गेला, मी सगळ्यांना वाटेला लावलं. सासऱ्यानं माझ्यावर काय सोपवलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी मी डुकरांसाठी रताळ्याचे वेल चिरत होते. पेईफेन येऊन समोर बसली, दुसरा कोयता घेतला आणि चिरू लागली.

"अक्का," ती म्हणाली, "मी भगत-बिगत काही मानत नाही."

"मग नवऱ्याला सांग की."

"सांगितलं. कारखान्यात गोंदाचा वास असतो, त्यानं मला चक्कर येते, त्यानंच गेलं असेल असंही सांगितलं. तर म्हणाले, तिथं बाकीच्या बायकांना होतातच की पोरं." ती वेल चिरत राहिली. "यावेळी राहील की जाईल, मला माहीत नाही. पण गेलं, तर सगळे म्हणतील जाळी काढली नाही म्हणून गेलं. तुमचं नाव घेतील. आणि अक्का, मला भीती वाटते की एक दिवस मीही घेईन. मला तुमचं नाव तसं घ्यायचं नाही."

भांडायला आली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. मला वाटलं, माती काय, मी परत वाहीन. वीस वर्षं वाहिली, आणखी वाहीन. हे मला खरंच वाटलं. मी माझं वय मोजलं नाही, ही माझी चूक.

"त्याला सांग, कोयत्याला धार लावून ठेव," मी म्हटलं.

तृतीयेच्या दिवशी सकाळी आम्ही दहा-बारा जण वर गेलो. रानगुलाबाला कळ्या आल्या होत्या. मी सासऱ्याला मनातल्या मनात सांगितलं की बाबा, तुझ्याच घरासाठी करतेय. मग निर्गुडीच्या एका बुंध्यावर घाव घातला. तिचा वास हाताला लागला तो दोन दिवस गेला नाही. माझ्यामागून सगळे तुटून पडले. दुपारपर्यंत वरचं सगळं आडवं झालं, आणि मग कुदळी निघाल्या. मी जन्मभर त्या जाळीतून रांगले, पण मुळं किती खोल आहेत ते मला त्या दिवशी कळलं. दगडातल्या एकेका भेगेत मूळ पाचरीसारखं बसलेलं, आणि त्याला धरून मूठमूठ काळी माती. मूळ ओढलं की माती सुटायची. थोडी बाहेर पडायची, बाकीची आत. आत पडायचा आवाज यायचा, तांदूळ ओतल्यासारखा. तो आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकत नव्हतं.

मी चाओलुनला म्हटलं, "खालचा पट्टा ठेव. वावराच्या वरचा, दोन पुरुष रुंद. तिथून कबर अडत नाही."

"ठेवतो," तो म्हणाला. आणि तो ठेवणार होता, खोटं कशाला बोलू. पण भगत खाली उतरून आला, पायानं माती उकरली आणि म्हणाला, खालची मुळं वरच्या मुळांना धरून असतात, अर्धं काढणं म्हणजे सापाचं शेपूट तोडणं. चाओलुननं माझ्याकडे बघितलं. मग पेईफेनकडे बघितलं. मग कुदळ उचलली.

संध्याकाळी कबर दिसायला लागली. दगडांचं कडं, वर नवीन मातीचा उंचवटा, पिवळ्या भाताची पानं, आणि उंच बांबूवर फडफडणारे कागद. रस्त्यावरून एक गाडी जाताना हळू झाली. आता तुम्हाला काय सांगू, मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हातारा चारचौघांत बसल्यासारखा दिसला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला तसं वाटत नसतं.

चाओलुन कारखान्यात परत गेला. पेईफेनला गोंदाचा वास नको म्हणून माझ्यापाशी ठेवली. मी मका पेरला. उतारावर आडवे दगड रचून ताल घातले, तीन ओळी. पाठ मोडली, पण घातले. पेईफेन मदतीला यायची आणि मी तिला हाकलून द्यायची.

चौथ्या महिन्यात बारीकसारीक सरी आल्या. घशाशी जाऊन पाहिलं तर पाणी पिवळं. हात घातला, बोटं दिसेनात. मक्याच्या मुळाशी लहान लहान खळगे पडले होते, जणू आतून कुणी माती ओढत होतं. मी टोपली भरून भरून ते बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी ते परत तसेच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, आमचा घडा तर खालूनच फुटका.

पाचव्या महिन्यात एक दिवस सकाळी भात चुलीवर असताना आभाळ फुटलं. मी टोपली आणि फावडं घेऊन धावले. ताल पहिल्याच लोंढ्यात गेले, दगड सुटून मक्यावर आले. उतारावरून पाणी असं आलं की त्यात उतारच वितळून येत होता. आधी सरींनी थेंबाथेंबानं माती उखडली होती, आता सगळी एकदम निघाली. मका कमरेएवढा झाला होता. उभाच्या उभा सरकला. पडला नाही, सरकला, ओळीत, मुळाखालच्या मातीसकट, घशाच्या दिशेनं. मी फावडं आडवं धरून उभी राहिले, बघा माझी अक्कल. पाणी मांड्यांपर्यंत आलं. घसा एकदा तुंबला, खोऱ्यात तळं साचलं, मला वाटलं माती निदान तळाशी बसेल, परत वर नेता येईल. मग खालून गडगड आवाज आला आणि घसा उघडला. सगळं तळं एका दमात खाली गेलं.

"अक्का, वर या," पेईफेन काठावरून ओरडत होती, पोट धरून. "वर या म्हणते ना. मी खाली येईन हं."

तिच्या धाकानं मी वर आले.

दुपारी ऊन पडलं. खोरं पांढरं झालं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं सासरा सांगायचा तसंच असेल. दगडाच्या दोन-तीन बेचक्यांत थोडी माती उरली होती, तिच्यात मक्याची सात ताटं उभी होती. वर कबरीचा उंचवटा गेला होता आणि पेटीच्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. मी त्यांच्यावर दगड रचले. माती नव्हतीच टाकायला. मला रडू आलं ते तिथं. वावर गेलं तेव्हा नाही आलं. सासऱ्याला म्हटलं, तू मला राखायला दिलंस, आणि मी हे केलं.

दुकानातल्या फोनवरून चाओलुनला सांगितलं.

"आबांचं काय?"

"दगड रचलेत."

"आणि वहिनी, पोटातलं?"

"ते ठीक आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि रडायला लागला. सुखानं की दुःखानं मी विचारलं नाही.

दहाव्या महिन्यात पेईफेनला मुलगी झाली. माझ्याच हातात आली, सुईण नदीपलीकडे अडकली होती म्हणून. सव्वातीन किलोची, डोकंभर केस. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, चाओलुन तर पोर झालं की वाटतात ती लाल अंडी गावभर वाटत सुटला. जो भेटेल त्याला सांगायचा, जाळी काढली आणि सात महिन्यांत माझं घर भरलं. मी म्हणायची, अरे, पोर जाळी काढायच्या आधीपासून पोटात होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तो हसायचा. भगत तर माझ्या घरी येऊन हक्कानं जेवून गेला.

पोरीवर माझा जीव आहे. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिच्या वाईटावर आहे. ती माझं बोट धरते तेव्हा मला वावर आठवत नाही.

पण पोट आहेच. त्या हिवाळ्यात मी टोपली घेऊन घशाशी गेले, तर न्यायला काही नव्हतं. दरवर्षी तोंडाशी माती साचायची, आता दगड धुऊन पुसून ठेवलेले. जमिनीखाली कुठंतरी माझं वावर होतं, पण टोपली तिथं कशी पोचणार? चाओलुन म्हणाला, आमच्याबरोबर चल, कारखान्याच्या चाळीत राहा. एका खोलीत चार माणसं. मी म्हटलं, बघू.

तेव्हा तिंगशिउ आली. नेहमीसारखी दारातूनच बोलत.

"दगडावर मका पेरणार आहेस का यंदा?"

"तुझ्या डोक्यावर पेरते, तिथं शेण भरपूर आहे."

"माझ्या खोऱ्यातले दोन पट्टे घे," ती म्हणाली. "वरच्या अंगाचे. माझ्यानं आता सगळं होत नाही. आणि उपकार-बिपकार म्हणालीस तर झाडूनं मारीन."

तिच्या खोऱ्यात वर मंगांची जुनी जाळी होती, आमच्यापेक्षा दाट, आणि तिच्या पोटात त्यांच्या तीन पिढ्यांच्या कबरी. खालची माती हाताला लोण्यासारखी. मी दोन पट्टे नांगरून मका पेरला आणि पहिल्यांदाच मला रात्री नीट झोप लागायला लागली.

तृतीयेला आठ दिवस उरले असताना तिंगशिउ परत आली. यावेळी दारातून बोलली नाही. आत येऊन बसली. ओट्यावर पेईफेन पोरीला पाजत होती. तिंगशिउ त्या पोरीकडे बघत राहिली. तिच्या सुनेचं तीनदा गेलं होतं, तिसऱ्या वेळी सहाव्या महिन्यात.

"आम्ही पण काढायचं ठरवलंय," ती म्हणाली.

मला कळलं होतं ती काय म्हणतेय, तरी मी विचारलं, "काय?"

"जाळी. भगत म्हणतो, आमच्याकडे तर तीन पिढ्यांना विळखा आहे. आणि तो म्हणतो, पहिला घाव तुझ्या हातून पडावा. तुझ्या हाताला यश आलंय. तुझा हातगुण आहे."

"तिंगशिउ, माझं वावर बघितलंस ना तू? डोळे आहेत ना?"

"बघितलं. मी काय आंधळी आहे?"

"मग? ते पोर आधीचं होतं गं. तीन महिन्यांचं होतं जाळी काढली तेव्हा. मुळांचा आणि गर्भाचा काय संबंध?"

"आधीची दोन पण आधीचीच होती ना? ती राहिली नाहीत. हे राहिलं."

"ती गोंदाच्या वासातून बाहेर आली म्हणून राहिलं. माझ्याकडे सात महिने नीट खाल्लं-प्यायलं म्हणून राहिलं. तुझ्या सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात ने."

"नेलं. दोनदा नेलं. ते म्हणाले, कारण सापडत नाही." तिंगशिउचा आवाज खाली गेला. "तुला सापडतंय का? सांग. पेईफेन, तू सांग बाई. तुझं कशानं राहिलं?"

मी पेईफेनकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती. पोरीच्या डोक्यावरचे केस ती बोटानं नीट करत होती, एकाच जागचे, परत परत.

"मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली.

खरं तर हे खोटं नव्हतंच. कुणाला माहीत आहे? मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. पण तिनं तेवढं म्हटलं आणि तिंगशिउचा निर्णय पक्का झाला, मला तो होताना दिसला.

"मुळं तरी ठेवा," मी म्हटलं. "वरचं कापा, कबरी दिसू देत, भगताला दाखवायला दोन-चार मुळं काढा. बाकीची ठेवा. परत फुटेल."

"परत फुटेल म्हणूनच तर काढायची," ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुझं झालं म्हणून तुला सुचतंय हे. माझ्या घरात होऊ नये असं तुझ्या मनात नाही, मला ठाऊक आहे. पण लोक तसंच म्हणतील. आणि तुझे पट्टेही तिथंच आहेत, म्हणून तू अडवतेस, असंही म्हणतील."

म्हणतील नाही, म्हणाले होते. तिच्या घरात कुणीतरी आधीच म्हटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती मला त्यातून वाचवायला आली होती. आणि मी खरंच माझ्या पट्ट्यांसाठी अडवत होते. तिच्या मातीसाठीही, पण माझ्या पट्ट्यांसाठी आधी. हे कळल्यावर माझ्या तोंडातला जोर गेला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. नाही म्हणून तिचं मन मोडायचं, आणि सुनेचं परत गेलं तर ते माझ्या डोक्यावर घ्यायचं, की हो म्हणायचं?

मी चाओलुनशी भांडले तेव्हा माझ्याकडे रीत होती, मी मोठी होते. इथं मी कोण? तिच्या मातीत उपरी.

"येते," मी म्हटलं.

तृतीयेला मंगांच्या उतारावर तीस माणसं जमली होती. नुसते मंग नाही, आणखी दोन वाड्यांतले लोक बघायला आले होते, त्यांच्याही कबरी जाळीतच. तिंगशिउची सून खाली बांधावर उभी होती. तेवीस वर्षांची पोर, नवीन निळा सदरा घातलेला. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, जसा औषध घेताना पेला धरतात. तिचे हात थंड होते. मी तिला म्हणाले, "नीट खात जा. जड उचलू नकोस." याच्यापलीकडे खरं असं मला काही माहीत नव्हतं.

तिंगशिउनं कोयता दिला. मी एका रानगुलाबाच्या बुंध्यावर घाव घातला. तो एका घावात तुटला नाही, दुसरा घालावा लागला. लोकांनी कुदळी उचलल्या. मी खाली माझ्या पट्ट्यात जाऊन खुरपायला बसले, कारण गवत वाढलं होतं आणि हात रिकामे ठेवून तिथं उभं राहवेना. रोपं चार बोटं वर आली होती, दाट, काळीशार हिरवी. वरून मुळं उपटल्याचे आवाज येत होते आणि ढेकळं घरंगळत माझ्या ओळींत येऊन पडत होती. मी ती फोडून रोपांच्या बुडाशी लावत होते.

पावसाला अजून दीड महिना होता. मका पिकायला चार.